विषय पुढच्या सभेत

रिसेलचा फ्लॅट बघायला गेलं की एजंट आधी बाल्कनीत नेतो. मग स्वयंपाकघर, मग बेडरूम, मग "पूर्व-पश्चिम आहे मॅडम, हवा बघा कशी खेळते." हवा खरंच खेळत असते. भिंतींना नुकताच रंग दिलेला असतो, ओट्याला नवं ग्रॅनाइट असतं. तासाभरात आपण सोफा कुठे ठेवायचा यावर बोलायला लागतो. गच्चीवर मात्र कुणी नेत नाही. पंपाची खोली, पाण्याची टाकी, मीटरची खोली कुणी दाखवत नाही. आणि सभेच्या इतिवृत्ताची वही दाखवायचा तर प्रश्नच येत नाही, कारण ती कुणी मागत नाही.

मी मागते. हिशेब तपासण्यात नोकरी गेली, त्याची सवय असेल. पण जुन्या इमारतीत घर घेताना तिथली मालक मंडळी मिळून इमारत कशी चालवतात, हे फ्लॅटइतकंच नीट बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे. फ्लॅटमधलं नाही आवडलं तर बदलता येतं. फरशी उखडाल, नळ बदलाल, भिंत रंगवाल. गच्ची गळत असेल आणि निम्म्या घरांना ती दुरुस्त करायची नसेल, तर तुम्ही एकट्याने काय करणार?

आम्ही कर्वेनगरला घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. इमारत नव्वदच्या दशकातली, चोवीस घरांची, लिफ्ट एकच. सगळे तिला सोसायटी म्हणत होते. एजंटही सोसायटी म्हणे, वॉचमनही, विकणाऱ्या काकूही. "शेअर सर्टिफिकेट बघू का?" असं विचारल्यावर काकू गोंधळल्या. त्यांच्याकडे तसलं काही नव्हतंच. त्यांनी कपाटातून काढलं ते डीड ऑफ अपार्टमेंट. म्हणजे ही सोसायटी नव्हे, अपार्टमेंट. कायद्याच्या भाषेत कंडोमिनियम. पुण्यात अशा इमारती पुष्कळ आहेत, आणि त्यात वर्षानुवर्षं राहणाऱ्या अनेकांना हा फरक ठाऊक नसतो.

फरक मोठा आहे. सोसायटी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली येते. तिथे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर व्हायची असते, तुम्ही सभासद होता, तुमच्याकडे भागपत्र येतं. अपार्टमेंटला १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा लागू होतो. त्यात बिल्डर किंवा मूळ मालक एक घोषणापत्र नोंदवतो, त्यालाच सगळे डिक्लरेशन म्हणतात. प्रत्येक फ्लॅटचा जमिनीत आणि सामाईक जागांत किती टक्के अविभक्त हिस्सा, ते त्यात लिहिलेलं असतं. तो आकडा शोभेचा नसतो. सामाईक खर्च त्याच प्रमाणात वाटायचा असतो आणि मताचं वजनही त्याच प्रमाणात मोजलं जातं. सोसायटीत वन बीएचकेवाल्याचं आणि थ्री बीएचकेवाल्याचं मत सारखं. अपार्टमेंटमध्ये तसं नाही.

कागदावर इतकं स्पष्ट असूनही असंख्य अपार्टमेंटमध्ये सगळ्यांकडून सारखाच मेंटेनन्स घेतात, कारण "पहिल्यापासून तसंच आहे." यावरून भांडणं होतात, कोर्टात जातात. २०२५ साली पुण्यातल्याच एका कंडोमिनियमच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने मोठ्या फ्लॅटना हिश्श्याच्या प्रमाणात जास्त मेंटेनन्स द्यावा लागेल ही भूमिका मान्य केली. तेव्हा मोठा फ्लॅट घेणाऱ्याने आज किती मेंटेनन्स आहे एवढंच विचारून थांबू नये. डिक्लरेशन काढून आपला टक्का बघावा आणि त्या टक्क्याने किती होईल याचा हिशेब करावा. डिक्लरेशन नोंदणीकृत दस्त असतो, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. काकूंकडे नव्हतंच, आम्ही नक्कल काढली. एजंट म्हणाला, "एवढं कुणी बघत नाही मॅडम." खरंच बघत नाहीत, आणि पुढे कटकटी तिथूनच सुरू होतात.

थकबाकीचंही सांगते, कारण तिथे घेणाऱ्याच्या गळ्यात थेट पैसे येतात. अपार्टमेंट कायद्यानुसार आधीच्या मालकाने सामाईक खर्च थकवला असेल, तर विकणारा आणि घेणारा दोघेही त्याला जबाबदार धरले जातात. पण त्याच कायद्याने घेणाऱ्याला एक ढालही दिली आहे. व्यवस्थापकाकडून किंवा व्यवस्थापक मंडळाकडून थकबाकीचं लेखी निवेदन मागायचा त्याला हक्क आहे, आणि त्या कागदावर जी रक्कम असेल तिच्यापेक्षा जास्त त्याच्याकडून मागता येत नाही. "सगळं क्लिअर आहे हो" या तोंडी वाक्याला काही अर्थ नाही. तारीख आणि सही-शिक्क्यासह कागद हवा. सोसायटी असेल तर तिथे ना-देय दाखला घ्यावा, आणि हस्तांतर शुल्क म्हणून पंचवीस हजारांहून जास्त मागत असतील तर विचारावं, कशाच्या आधारावर? महापालिका हद्दीत तेवढीच मर्यादा आहे. "डोनेशन" म्हणून लाखांत मागणाऱ्या सोसायट्या अजूनही आहेत, आणि घर हातचं जाईल या भीतीने लोक देतात. मला याची फार चीड येते.

आता वही.

विकणाऱ्या काकूंनी फोन केला म्हणून खजिनदार काकांनी आम्हाला घरी बोलावलं. अपार्टमेंटचे हिशेब आणि पावत्या कोणत्याही मालकाला बघता येतात, तसा नियम आहे. आम्ही मालक नव्हतो, पण काकू होत्या, म्हणून त्या सोबत आल्या. काकांनी टेबलावर जमाखर्चाच्या फायली आणि निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही ठेवली. मी आधी वहीच घेतली. डॉक्टर पेशंटकडे बघण्याआधी जुनी फाईल चाळतात, तशी.

इतिवृत्ताची भाषा सगळीकडे एकच असते. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच ठिकाणी पुन्हा सुरू. मागील इतिवृत्त वाचून कायम. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. वरवर वाचलं तर सगळ्या इमारती सुखात आहेत असं वाटावं. खरी माहिती दोन ठिकाणी सापडते. एक, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय" या मथळ्याखाली. लोक तिथे मनातलं बोलतात: पाणी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, लिफ्ट दोनदा अडकली, पार्किंगमध्ये अमक्यांची दुसरी गाडी. आणि दुसरी जागा म्हणजे "सदर विषय पुढील सभेत घ्यावा" हे वाक्य. हे वाक्य कोणत्या विषयापुढे किती वेळा येतं, ते मी बघते.

त्या वहीत ते गच्चीच्या वॉटरप्रूफिंगपुढे येत होतं. एका वर्षी तीन कोटेशन आली, चर्चा झाली, विषय पुढच्या सभेत. पुढच्या वर्षी कोटेशन जुनी झाली, नवी मागवावीत. त्यापुढच्या वर्षी एका मालकाने सुचवलं की गळती फक्त वरच्या मजल्यावर आहे तर वरच्यांनीच खर्च करावा. वरच्यांनी तीव्र हरकत घेतली. विषय पुढच्या सभेत. मग पावसाळ्यापुरती ताडपत्री, मग सिमेंटचा पातळ थर, मग "जिन्याच्या छताचा गिलावा पडला, सुदैवाने कुणाला लागले नाही." हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. दर वर्षी अक्षर बदललेलं, सेक्रेटरी बदललेला, विषय तोच.

आम्ही बघायला गेलेला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. तिथे गळतीचा मागमूस नव्हता. केवळ घर बघून आलो असतो तर हे कधीच कळलं नसतं, आणि ताबा घेतल्यावर पहिल्याच वर्षी मोठी वर्गणी भरावी लागली असती.

हे ढकलत राहणं कुठवर जाऊ शकतं, याचं मनात घर करून राहिलेलं उदाहरण आपल्याकडचं नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाईड गावी समुद्राकाठी शॅम्पलेन टॉवर्स साउथ नावाची बारा मजली इमारत होती, १९८१ ची, १३६ घरांची. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि खालच्या काँक्रीटची मोठी हानी झालीय, असं अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून दिलं होतं. मग मालकांमध्ये खर्चावरून वाद, राजीनामे. एप्रिल २०२१ मध्ये असोसिएशनच्या अध्यक्षांनी सगळ्यांना पत्र पाठवलं की नुकसान आता बरंच वाढलंय. तोवर दुरुस्तीचा आकडा दीड कोटी डॉलरच्या घरात गेला होता. २४ जूनच्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला. ९८ माणसं गेली. मधल्या काळात तिथे ज्यांनी घर घेतलं त्यांनीही समुद्र दिसणारी बाल्कनीच बघितली असेल, असं मला राहून राहून वाटतं.

त्यानंतर फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदा केला: तीन किंवा अधिक मजल्यांच्या काँडोंची, म्हणजे तिथल्या अपार्टमेंट इमारतींची, ठरावीक वयानंतर संरचना तपासणी सक्तीची, आणि महत्त्वाच्या दुरुस्त्यांसाठीचा राखीव निधी मतदान करून टाळायची सोय बंद. न्यू जर्सीने जानेवारी २०२४ मध्ये तसाच आपला कायदा केला. माझी आतेबहीण तिथे एडिसनला राहते. तिने काँडो घेतला तेव्हा तिच्या वकिलाने असोसिएशनचा अर्थसंकल्प, राखीव निधीचा अहवाल, विम्याची पॉलिसी आणि सभांची इतिवृत्तं मागवून घेतली, ती वाचून मगच पुढे जायला सांगितलं. छप्पर किती वर्षं टिकेल, लिफ्ट कधी बदलावी लागेल, त्यासाठी आज किती पैसे बाजूला आहेत, हे सगळं त्या अहवालात. मला हेवा वाटला. आपल्याकडे वकील टायटल बघतो, बँक टायटल बघते, इमारतीच्या तिजोरीत काय आहे हे कुणीच बघत नाही.

नियम आपल्याकडेही आहेत. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, सिंकिंग फंडासाठी (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या दर वर्षी किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी पाऊण टक्का घ्यायला सांगितलंय. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, तीसच्या पुढे गेली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायला सांगितलंय. पण "मेंटेनन्स कमी आहे" हे जाहिरातीत कौतुकाने लिहिलेलं असतं. मला कमी मेंटेनन्स दिसला की धाकधूक वाटते. वॉचमनचा पगार, वीज, लिफ्टचा करार यातच सगळं संपत असेल तर गच्चीसाठी, ड्रेनेजसाठी पैसे कुठून यायचे? आम्ही बघितलेल्या इमारतीत सिंकिंग फंडाच्या मुदतठेवी होत्या, पण गच्चीचं कोटेशन त्यांच्यापेक्षा मोठं होतं. खजिनदार काकांनी हे स्वतःहून सांगितलं. त्यांच्या हिशेबात एकही पावती गहाळ नव्हती. पैसे मागायला गेलं की शेजारी वाईट होतात, एवढंच ते म्हणाले. अशा माणसांच्या जिवावर आपल्या इमारती उभ्या आहेत.

ऑडिटचा अहवाल मिळाला तर खांबांपाशी काय लिहिलंय ते वाचावं, आणि तळमजल्यावर एक फेरी मारावी. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ जण दगावले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, त्यात खांबांना हात लावला गेला असा रहिवाशांचा आरोप होता आणि पोलिसांनी गुन्हा दाखल केला. इमारतीच्या मजबुतीला धोका येईल असं काम बाकी सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय करता येत नाही, असं अपार्टमेंट कायदा स्पष्ट सांगतो. तरी खाली क्लिनिक किंवा जिम आलं की पहिली भिंत पडते. वहीत अशा कामाला कुणी हरकत घेतलीय का, आणि घेतली असेल तर तिचं पुढे काय झालं, हेही बघण्यासारखं.

भोगवटा प्रमाणपत्राबद्दल, म्हणजे इमारत राहण्याजोगी असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याबद्दल, लोक आता विचारतात, पण "अप्लाय केलंय, येईलच" या उत्तरावर समाधान मानतात. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये ३५ मजले बेकायदा ठरले, तेव्हा तिथली कुटुंबं अनेक वर्षं तिथे नांदत होती. २०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ताडदेवच्या चौतीस मजली विलिंग्डन व्ह्यू इमारतीचे सतरा ते चौतीस मजले रिकामे करायला सांगितले: वरच्या मजल्यांना भोगवटा प्रमाणपत्र नाही, इमारतीला अग्निशमन दलाचं ना हरकत नाही. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाला नकार दिला. "येईलच" वर विसंबून काढलेली वर्षं कोर्टात कामी येत नाहीत. पुण्यात पूर्णत्वाचा दाखला म्हणतात, तो इमारतीच्या सगळ्या मजल्यांचा आहे की अर्धवट, तारखेसकट बघावा. अग्निसुरक्षेचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैत भरायचा असतो, मागचे दोन मागावेत. देतो म्हणतात की हसतात, यावरूनही बरंच कळतं.

पाण्याचं मात्र कागदावर कळत नाही. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. त्यातल्या कित्येक भागांत पाणी टँकरचंच. कर्वेनगरला तो प्रश्न तितका नाही, पण आमच्या यादीत धायरीचाही एक फ्लॅट होता, प्रशस्त आणि स्वस्त. तिथल्या मेंटेनन्सच्या बिलात टँकरचा आकडा लिफ्टच्या आणि वॉचमनच्या खर्चाला एकत्र करून मागे टाकत होता. मी टँकरवाला कुठून भरतो, टाकी कधी धुतली, पाणी कधी तपासलं, हे विचारलं. सेक्रेटरींना राग आला. पुढे २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात गुलियन-बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, तेव्हा त्या संवादाची मला फार आठवण आली. त्या प्रश्नात राग येण्यासारखं काही नव्हतं.

पार्किंगचं थोडक्यात. "पार्किंग फ्लॅटबरोबर आहे" असं म्हणाले तर कोणत्या कागदात, ते विचारावं. स्टिल्टची, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, आणि उघडी पार्किंगची जागा सामाईक, ती बिल्डरला वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय. अपार्टमेंटमध्ये डिक्लरेशनमध्ये मर्यादित सामाईक जागा (ठरावीक फ्लॅटनाच वापरायला दिलेली) म्हणून कुणाला काय दिलंय ते बघावं. रंगाने खांबावर नंबर टाकला म्हणजे हक्क झाला असं नाही.

एवढं सगळं बघितल्यावर आम्ही ती इमारत सोडली असेल असं वाटेल. नाही सोडली. ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना गच्चीवर नेलं. त्यांच्या मते काँक्रीट ठीक होतं, वॉटरप्रूफिंग आणि जिन्याचं छत यंदाच करायला हवं होतं. त्यांनी खर्च काढला, आम्ही डिक्लरेशनमधल्या टक्क्याने त्या फ्लॅटचा वाटा काढला आणि काकूंपुढे कागद ठेवला. "हे मला माहीतच नव्हतं गं," त्या म्हणाल्या. दोन दिवस विचार करून तेवढी रक्कम त्यांनी किमतीतून कमी केली. एजंट नाराज झाला, पण सौदा झाला. थकबाकीच्या निवेदनावर खजिनदार काकांनी सही केली, आणि त्याखाली गच्चीची वर्गणी अजून ठरायची आहे, हेही स्वतःच्या हाताने लिहिलं.

पहिल्या वार्षिक सभेला मी गेले तेव्हा गच्चीचा विषय पुन्हा होता. वरच्यांचं आणि खालच्यांचं तेच जुनं भांडण सुरू झालं. मी इंजिनिअरांचा खर्चाचा कागद आणि प्रत्येक फ्लॅटच्या टक्क्याप्रमाणे वाट्याचा तक्ता वाटला. कुणी म्हणालं, नवीन आलात आणि आम्हाला शिकवता? काका म्हणाले, "अहो, आकडे बघा, माणूस काय बघता." मतं टक्क्यांनी मोजली. गच्ची पावसाळ्याआधी झाली.

गेल्या सभेत आयत्या वेळच्या विषयांत मी आणखी एक मांडला. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघालाय, घ्यायला आलेल्या जोडप्याने इतिवृत्तं मागितली, आणि "बाहेरच्यांना कशाला दाखवायची?" म्हणून सेक्रेटरींनी नकार दिला होता. पाऊण तास चर्चा झाली. भाव पडेल, जुनी भांडणं बाहेर जातील, अशा शंका होत्या, आणि त्या खोट्या नाहीत. एकाने विषय पुढच्या सभेत घ्या म्हटलं. मी आजच मतदान घ्या म्हणून आग्रह धरला. फ्लॅट विकायला काढलेल्या मालकाने मागणी केल्यास मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं, हिशेबपत्रकं आणि ऑडिटचा अहवाल आठ दिवसांत नकलेसह द्यायचा, असा ठराव झाला. सूचक मी, अनुमोदक खजिनदार काका. चौथ्या मजल्यावरच्यांना नकला परवा दिल्या, झेरॉक्सचे पैसे असोसिएशनने घातले.